एक नंबरची लेन

लॅबमधले लोक त्यांना पाठीमागे 'नॉर्मल' म्हणत. "नॉर्मल आले", "नॉर्मल आज तापलेत", "नॉर्मलनी पुन्हा खुर्ची बदलली". तोंडावर अर्थातच 'सर'. हे नाव कुणा टवाळाने ठेवलेलं नव्हतं. ती पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती, आणि तीही लेखी. फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात चिमुकल्या बाटल्यांचा एक ट्रे असे आणि त्यावर सरांच्या टोकदार अक्षरात लिहिलेलं असे: नॉर्मल. त्या बाटल्यांत सरांचं सीरम होतं.

सीरम म्हणजे रक्त गोठू देऊन, यंत्रात गरगर फिरवून वर उरतं ते पिवळसर पाणी. माणसाची प्रथिनं त्यात असतात, आणि ह्या लॅबचं नाव त्या प्रथिनांवरच उभं होतं. सीरमचा थेंब जेलच्या पातळ थरावर ठेवायचा, वीज सोडायची, की प्रथिनं धावायला लागतात. अल्ब्युमिन सगळ्यांच्या पुढे पळतं, गॅमा ग्लोब्युलिन मागे रेंगाळतात. मग निळा रंग दिला की ज्याची त्याची शर्यत ज्याच्या त्याच्या लेनमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी उमटते. एक नंबरची लेन नॉर्मलची, बाकीच्या रोग्यांच्या.

तुलनेसाठी इतर लॅब कंपनीचं तयार सीरम आणतात. सरांना ते मंजूर नव्हतं. "कोण कुठला माणूस, काय खातो, काय पितो, आणि त्याचं रक्त मी प्रमाण मानू?" असं ते विचारत. मग प्रमाण कोणाचं, हा प्रश्न त्यांना फार वेळ पडला नाही. दर महिन्याला ते बाही वर सारून बसत, सुई टोचणाऱ्या बाईंना आधी चार शब्द ऐकवत, आणि पुढच्या महिन्याभराचं प्रमाण आपल्या शिरेतून काढून देत. लोक ज्या तोऱ्यात फीत कापतात त्या तोऱ्यात ते हात पुढे करत.

हिशेब साधा होता. एक नंबरच्या लेनमधला गॅमा बरोबर. ज्याचा त्याहून कमी तो कमी, ज्याचा जास्त तो जास्त. लॅब सुरू झाली तेव्हा सरांचं रक्त खरोखर चोख होतं, ह्यात वाद नाही. पण माणसाबरोबर त्याचं रक्तही म्हातारं होतं, एवढी साधी गोष्ट जगाला शिकवणाऱ्या ह्या गृहस्थांनी स्वतःला तेवढं त्यातून वगळलं होतं.

त्यांची सून ह्या लॅबमध्ये आली ती बायोकेमिस्ट्रीची पदवी, मोठ्या हॉस्पिटलातला अनुभव आणि जिभेला बरी धार घेऊन. पैकी पदवी आणि अनुभव सरांनी पहिल्या दिवशीच निकालात काढले. "तिथे तुम्ही बटणं दाबत होता. इथे डोळे वापरावे लागतात. आणि लॅबमध्ये मी सर, तुम्ही मॅडम. घरी काय ते घरी." घरी ती त्यांना काहीच म्हणत नसे. 'बाबा' हा शब्द तिच्या घशाशी येऊन अडायचा. "जेवायला वाढलंय," असं ती खोलीला उद्देशून म्हणे, आणि ज्याला यायचं तो येई.

सरांच्या केबिनमध्ये टेबलासमोर एकच खुर्ची होती. ती नातेवाइकांची. वाईट रिपोर्ट ते रोग्याला कधीच सांगत नसत. "रोगी एक तर रडतो, नाहीतर वाद घालतो. नातेवाईक निदान ऐकून घेतात," असं त्यांचं मत होतं. स्टाफने उभं राहायचं. सूनही उभीच राही, वही हातात धरून.

तर पहिल्याच आठवड्यात तिने वाळलेलं जेल उजेडाच्या पेटीवर ठेवलं आणि तिची नजर एक नंबरवर अडली. धड माणसाच्या गॅमाच्या जागी एक धूसर, पसरट डाग असतो, कारण तिथे नाना जातींची प्रतिपिंडं गर्दी करून असतात. इथे त्या डागाच्या पोटात एक अरुंद, गर्द निळा, कडा कापून ठेवल्यासारखा पट्टा होता. एकाच जातीचं प्रथिन, बेसुमार. हाडांच्या मगजातली एखादी पेशी बेलगाम झाली आणि आपल्याच पिलावळीने जागा भरायला लागली की असा पट्टा दिसतो. हा रक्ताचा कॅन्सर आहे. वेळेत धरला तर माणसाला पुढची वर्षं मिळतात, नाही धरला तर तो आधी हाडं पोखरतो आणि मग मूत्रपिंडं.

"हा पेशंट कोणाचा?" तिने टेक्निशियनला विचारलं.

ह्या टेक्निशियनला सगळे 'बरोबर' म्हणत, कारण सरांच्या कुठल्याही वाक्यानंतर तो "बरोबर, सर" म्हणे. कधी कधी वाक्य संपायच्या आधी.

"पेशंट नाही तो, मॅडम. ते सर आहेत."

"आणि हा पट्टा?"

"तो असतोच."

"असतोच म्हणजे? कधीपासून?"

बरोबरने चष्मा काढून पुसला. "आधी अगदी केसाएवढा होता. मग हळूहळू भरला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"सरांचं रक्त सरांना माहीत नसेल का, मॅडम? आपण कशाला मध्ये पडा."

हा माणूस जेल लावण्यात पटाईत होता आणि तोंड न उघडण्यात त्याहून पटाईत. मालकाचा आजार रोज निळ्या रंगात बुडवायचा, धुवायचा, वाळवायचा आणि वेळ झाली की डबा घेऊन घरी जायचा. तिला त्याची मान धरून ती पेटीवर दाबावीशी वाटली.

ती तशीच जेल घेऊन केबिनमध्ये गेली.

"सर, एक नंबरमध्ये पट्टा आहे."

सरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "थेंब ठेवताना हात थरथरला असेल तुमचा. ती ठेवल्याची खूण."

"जेल मी लावलं नाही."

"मग रक्त नीट गोठलं नसेल. सीरममध्ये रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन राहिलं की पट्टा येतो. पुस्तकात पहिल्या धड्यात असतं ते, मॅडम."

"फायब्रिनोजेनचा पट्टा गॅमाच्या आधी, बीटा भागाच्या कडेला येतो, सर. हा पार गॅमाच्या पोटात आहे. आणि रोज आहे."

आता सरांनी वर पाहिलं, पण तिच्याकडे. "एक नंबरकडे बघायचं नसतं," ते म्हणाले. "एक नंबरवरून बाकीच्यांकडे बघायचं असतं. एवढं समजलं की तुम्ही ह्या धंद्यात शिकलात."

बाहेर उभा असलेला बरोबर म्हणाला, "बरोबर, सर."

त्या काळात सरांनी तिसरी खुर्ची घेतली होती. पाठ दुखते ती खुर्चीमुळे, हे त्यांचं स्वतःचं निदान. पहिली मऊ निघाली म्हणून काढली, दुसरी कडक निघाली म्हणून काढली, आणि तिसरी बनवणाऱ्या खुर्चीवाल्याला त्यांनी सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं की तो बिचारा खुर्ची उलटी करून एकेक स्क्रू चाचपत बसला. धाप लागते, कारण जिना बांधणारा गवंडी गाढव होता. सारखी तहान लागते, कारण बायकोचा मिठाचा हात सैल झालाय. देहाच्या एकेका तक्रारीसाठी त्यांनी एकेक आरोपी पकडून ठेवला होता आणि सगळ्यांची सुनावणी रोज होत असे.

आणि तिकडे शहरभर गॅमा घसरत चालला होता. घसरणारच. एक नंबरचा गॅमा महिन्यागणिक फुगत होता, आणि त्याच्याशी तोलल्यावर धडधाकट माणूससुद्धा उणा ठरत होता. चौकातल्या फिजिशियननी अखेर फोन केला. सरांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, कारण लोकांची फजिती एकट्याने ऐकण्यात त्यांना मजा वाटत नसे.

"सर, माझ्या सगळ्याच पेशंटचा गॅमा कमी कसा हो? व्यायामशाळेचा मास्तर आहे एक, नुसता दगड. त्याचाही कमी?"

"लोकच पिचपिचीत झालेत, डॉक्टर. नुसता मैदा आणि साखर. प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची माळ असते. मणीच पोटात गेले नाहीत, तर शरीराने माळ ओवायची कशाची? तुमच्या सल्ल्यांची?"

फिजिशियन कसनुसं हसले आणि फोन ठेवला. त्यांनीही दुसऱ्या लॅबला नमुना पाठवून बघितला नाही. एवढ्या मोठ्या माणसाशी कोण पंगा घेणार, असा त्यांनी विचार केला असणार, आणि व्यायामशाळेच्या मास्तराला टॉनिक लिहून दिलं असणार. एका माणसाचा ताठा टिकवायला किती जणांच्या पाठी वाकलेल्या लागतात, हे तिला त्या लॅबमध्ये कळलं.

जेवणाच्या टेबलावरही तेच. शरीराला कोणती अमायनो आम्लं बनवता येत नाहीत, ती ताटातूनच का यावी लागतात, ह्यावर सर रोज प्रवचन देत. स्वतः मात्र अर्धं अंडं तसंच ठेवून उठत. भूक लागत नाही त्याचं कारण अंडी शिळी.

रात्री तिने नवऱ्यापुढे विषय काढला. नवरा फरशांच्या दुकानात भागीदार होता आणि गिऱ्हाइकाने आवाज चढवला की गोदामात जाऊन बसत असे.

"बाबांना सांगू, की तुम्ही आजारी आहात?" तो म्हणाला. "बाबांना?"

"हो. वडील आहेत तुझे."

"तूच सांग ना. तू त्यातली आहेस."

"सांगितलं मी."

"मग? काय म्हणाले?"

"माझा हात थरथरला म्हणाले."

तो जरा विचारात पडला. "अगं, मग थरथरलाही असेल."

आपण ह्या माणसाशी लग्न केलं, ही गोष्ट तिला त्या क्षणी दुसऱ्याच कुणाच्या रिपोर्टवर आपलं नाव छापल्यासारखी वाटली. ती कूस बदलून झोपली.

सासूबाईंशी बोलून पाहिलं. त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "त्यांना कसला आजार? ते लोकांचे आजार काढतात." मग नळ बंद करून हळूच म्हणाल्या, "हल्ली आडवं होववत नाही त्यांना. बसूनच झोपतात. मी विचारलं तर म्हणाले, गादीवाला चोर आहे." आणि नळ पुन्हा सोडला.

एक शेवटचा सरळ प्रयत्न म्हणून तिने ओळखीतून कंपनीच्या तयार सीरमची एक बाटली आणली आणि त्याच जेलवर सरांच्या शेजारच्या लेनमध्ये लावली. सोबत आपलंही रक्त काढून लावलं. तिचा गॅमा आणि बाटलीतला गॅमा अगदी एकसारखे, पसरट आणि धूसर. आणि शेजारी सरांचा पट्टा, खिळा ठोकावा तसा. आता ह्याहून स्पष्ट काय असतं? सरांनी जेल पाहिलं आणि दोन क्षणांत निकाल दिला.

"कंपनीचा माल भेसळीचा आहे. बघा, एक नंबरशी ताडून बघा, गॅमा किती कमी आहे त्यात. आणि ही तिसरी लेन कोणाची?"

"माझी."

"तुमचाही कमी. दूध घेत जा." त्यांनी बाटली बेसिनमध्ये ओतली. "परक्याचं रक्त माझ्या जेलवर पुन्हा आणू नका. आणि माझी काळजी करू नका, मॅडम. माझं रक्त रोज तपासलं जातं. ह्या शहरात इतकं तपासलेलं रक्त दुसऱ्या कोणाचं असेल तर दाखवा."

हे तर शब्दशः खरं होतं. रोज तपासलं जात होतं, आणि रोज त्याकडे कोणी बघत नव्हतं.

त्यानंतर तिने हात झटकले. खरं सांगायचं तर हात झटकून तिला बरं वाटलं. सर मोठ्याने ओरडत, आणि ती वहीत लिहीत उभी राही, आणि मनात म्हणे, ओरडा, ओरडून घ्या. कुणाला पाच माणसांत वेड्यात काढताना ते कंबरेला हात लावून थांबले की तिला आत कुठेतरी गोड वाटे. आठवडाभर तिने हे गोड चाखलं. आपण इतक्या हलक्या मनाच्या असू असं तिला वाटलं नव्हतं, आणि हे कळल्यावरही ती थांबली नाही.

थांबवलं ते बुटांनी. सर आयुष्यभर चकचकीत, नाडीचे बूट घालत. एका सकाळी दारात सासूबाईंनी त्यांच्यापुढे बिननाडीचे नवे बूट ठेवले आणि सरांनी जाहीर केलं, "नाड्या बांधणं हा लहान मुलांचा उद्योग आहे." पाय सरकवताना एक बूट तिरका झाला आणि कपाटाखाली गेला. सर त्याच्याकडे बघत उभे राहिले. वाकले नाहीत. हाकही मारली नाही. पायाने बूट बाहेर ओढायचा प्रयत्न करत राहिले, एकदा, दोनदा, भिंतीला धरून, कपाळावर घाम घेऊन, आणि कोणी बघत तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात होती, ती पटकन आत झाली. तिला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा भयंकर राग आला. हा माणूस मरेल, ती ओट्याशी उभी राहून स्वतःशी म्हणाली, आणि मरताना कपाटवाल्याला शिव्या देत मरेल, आणि मला हे दिसत असताना मी नुसती वही लिहीत राहीन. तिने जाऊन बूट काढून दिला. "कपाट कोणी इतकं पुढे ओढलंय?" सर खेकसले.

लॅबमध्ये गेल्यावर तिने बरोबरला बाजूला घेतलं.

"आजचं जेल मी लावते."

"का, मॅडम?"

"एक नंबरमध्ये माझं सीरम घालणार आहे. सरांचं पाच नंबरमध्ये, पेशंट म्हणून."

बरोबरचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं नाव येणार नाही ना?"

"तुमचं नाव कशातच येत नाही. काळजी करू नका."

"मग मी चहाला जाऊन येतो," तो म्हणाला, आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस केल्यासारखा निघून गेला.

थेंब ठेवताना तिचा हात खरोखरच थरथरला. मग मनगट टेबलावर दाबून धरून तिने आठही लेन भरल्या. वीज सोडली, रंग दिला, धुतलं, वाळवलं. संध्याकाळी जेल केबिनमधल्या उजेडाच्या पेटीवर ठेवून ती नेहमीच्या जागी उभी राहिली.

सरांनी भिंग घेतलं. सवयीप्रमाणे एक नंबरच्या गडदपणाचा नुसता ओझरता अंदाज घेऊन ते दोनवर गेले. आपल्या घराच्या दाराकडे जसं कोणी बघत नाही, तसं त्यांनी त्या लेनकडे निरखून बघितलं नाही.

"दोन, नॉर्मल. तीन, नॉर्मल." ते थबकले. "आज सगळ्यांचा गॅमा बरा दिसतोय. लोक सुधारले की काय? चार, अल्ब्युमिन कमी, यकृत बघा म्हणावं. पाच."

भिंग पाचवर थांबलं. सर पुढे झुकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची चमक आली. दुसऱ्याची चूक सापडली की येई ती.

"लिहा. गॅमा भागात ठळक, अरुंद पट्टा. एकाच वंशाच्या पेशींचं प्रथिन. अल्ब्युमिन घसरलेलं. हाडांच्या मगजाची तपासणी विनाविलंब करावी. लिहिलंत? पुरुष की बाई?"

"पुरुष."

"वय?"

तिने वय सांगितलं. सरांनी मान हलवली.

"काय माणसं असतात. हा पट्टा एका रात्रीत उगवत नाही, मॅडम. हा गृहस्थ हे कधीपासून अंगावर काढत हिंडतोय. पाठ दुखत असणार त्याची. आणि हा दीडशहाणा काय करत असणार, सांगू? गादी बदलत असणार. उशी बदलत असणार. धाप लागली की जिन्याला शिव्या. डॉक्टरकडे जायचं नाव नाही, कारण मला काय धाड भरलीय! आणि घरचे? घरचे मूग गिळून बसले असणार. अशा माणसापुढे तोंड उघडायची कोणाची टाप असते?" त्यांनी भिंग ठेवलं आणि मागे टेकले. खुर्ची करकरली, आणि त्यांचा हात आपसूक कंबरेवर गेला. "रोग्याला काही सांगू नका. कोणी नातेवाईक आलेत का त्याचे?"

तिने वही मिटली. टेबलाला वळसा घालून समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"मॅडम," सर म्हणाले, "ती खुर्ची नातेवाइकांची आहे."

"हो."

"स्टाफने..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. हात अजून कंबरेवरच होता. तो त्यांनी खाली घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं, मग जेलकडे पाहिलं. मग कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी एक नंबरच्या लेनकडे निरखून पाहिलं.

"एक नंबर कोणाचा?"

"माझा."

"आणि पाच," ते म्हणाले. पुढे विचारलं नाही.

त्यांनी भिंग पुन्हा उचललं आणि पाचवर धरलं. ती वाट बघत होती. हात थरथरला म्हणतील, रक्त गोठलं नसेल म्हणतील, जेलवाली कंपनी चोर म्हणतील. सगळ्याची उत्तरं तिने तयार ठेवली होती, एकाहून एक टोचणारी. त्यातलं एकही लागलं नाही. ते नुसतं बघत राहिले, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. बाहेर रक्त फिरवणारं यंत्र घरघरत थांबलं.

"बाबा," ती म्हणाली. शब्द कुठेही अडला नाही.

"रोग्याला सांगायचं नसतं," ते म्हणाले. "आपली पद्धत आहे तशी."

"काय करू? रोगी केबिन सोडून जातच नव्हता."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी हात पुढे केला, तिने वही दिली. पाच नंबरच्या खाली त्यांनी रोजच्यासारखीच टोकदार सही केली.

"गॅमा कमी म्हणून आपण पाठवलेत ते सगळे रिपोर्ट परत मागवा," ते म्हणाले. "प्रत्येकाला फोन करा. मी करतो. त्या मास्तरालासुद्धा. सगळे नव्याने करायचे. आणि फ्रीजरमधला तो ट्रे काढून टाका." एक नंबरच्या लेनवर त्यांनी बोट ठेवलं. "हे वापरा. बरं आहे हे."

लॅबमध्ये आल्यापासून त्यांच्या तोंडून तिने ऐकलेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं, आणि ते ऐकून तिला रडू आलं ह्याची तिला चीड आली.

त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, पण उठता येईना. तिने पुढे होऊन हात दिला. ते दारापर्यंत आले आणि थांबले. वळून त्यांनी मागे पाहिलं, त्या तिसऱ्या, कडक ना मऊ, काही दोष नसलेल्या खुर्चीकडे.

"म्हणजे त्या खुर्चीवाल्याची काही चूक नव्हती," ते म्हणाले.